लहान चूक कोणी सुधारावी?

मनुष्याच्या मोठ्या चुकांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. चुकलेला निर्णय, चुकलेला विवाह, चुकलेले राजकारण यांवर नाटके झाली, कादंबऱ्या झाल्या, आणि नीतिशास्त्राच्या ग्रंथांनीही आपली बहुतेक पाने त्यांनाच वाहिली. परंतु जी चूक करताना हेतू निर्मळ असतो, बुद्धी शाबूत असते, केवळ एक कंस मिटावयाचा राहतो किंवा एक टिंब गळते, तिच्याकडे तत्त्वज्ञांनी फारसे पाहिलेले दिसत नाही. अशी चूक विचार करण्याच्या योग्यतेची नाहीच, अशी आमचीही समजूत होती. येवल्यातील एका विणकराच्या घरी गेल्या दोन वर्षांत जे घडताना आम्ही पाहिले, आणि ज्यात आमचा स्वतःचा दोष काही थोडा नव्हता, त्याने ती समजूत हलली.

येवला हे पैठणीचे गाव म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. आम्ही ज्या घराविषयी लिहीत आहो तेथेही ओसरीवर माग आहे आणि घरचा कर्ता पुरुष दिवसाचे आठ-दहा तास त्यावर बसतो. त्याची मुलगी दहावी उत्तीर्ण होऊन एका संस्थेत संगणकाचा अभ्यासक्रम शिकू लागली. आम्ही काही वर्षे गणित शिकविण्याचे काम केलेले, आणि पुढे हौसेने प्रोग्राम लिहावयास शिकलेलो, घर जवळ, तेव्हा अडल्यानडल्यास ती मुलगी वही घेऊन आमच्याकडे येई, किंवा आम्हीच सायंकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसत असू.

ज्या वाचकांचा या विद्येशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. संगणकास कामे सांगण्याकरिता ज्या कृत्रिम भाषा रचल्या आहेत त्यांना व्याकरण आहे, आणि ते आपल्या बोलीच्या व्याकरणापेक्षा फार लहान परंतु फार कडक आहे. कोणत्या शब्दानंतर कोणते चिन्ह यावे, उघडलेला कंस कोठे मिटावा, ओळीच्या आरंभी किती जागा मोकळी सोडावी, हे सारे त्यात ठरलेले असते. १९६० च्या सुमारास जॉन बॅकस आणि पीटर नाउर यांच्या नावाने अशा व्याकरणाची सूत्रे लिहिण्याची एक पद्धती रूढ झाली; आणि १९६७ साली इंगरमन नावाच्या गृहस्थांनी एका शास्त्रीय नियतकालिकास पत्र लिहून असे सुचविले की, या पद्धतीस पाणिनीचे नाव द्यावे, कारण तिच्या तोडीची सूत्ररचना त्या वैयाकरणाने कित्येक शतकांपूर्वी केलेली आहे. सूचना अंमलात आली नाही. पण आपल्या मुलाने संगणक शिकावा आणि संस्कृत सोडावे असे म्हणणाऱ्या पालकांस ही हकीकत सांगावीशी वाटते. असो. मुद्दा हा की, या व्याकरणाचा एखादा नियम मोडला गेला तर यंत्र काम आरंभीतच नाही. ते इतकेच कळविते की, अमुक ओळीत वाक्यरचनेची चूक आहे, आणि थांबते.

त्या मुलीने पहिल्या महिन्यात लिहिलेला एक प्रोग्राम आम्हांस चांगला आठवतो. तिच्या वडिलांनी एक पैठणी अठरा दिवसांत आणि दुसरी चोवीस दिवसांत विणली होती. सरासरी किती दिवस लागले, हे यंत्राकडून काढून घ्यावयाचे, असा तिचा स्वतःचाच बेत होता. भाषा पायथन. गिदो व्हॅन रोसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेली ही भाषा आता बहुतेक ठिकाणी नवशिक्यांस प्रथम शिकवितात. मुलीने कंस उघडला, पहिली संख्या लिहिली, अधिक चिन्ह, दुसरी संख्या, भागिले दोन. आणि कंस मिटावयाचा राहिला. पुढच्या ओळीत उत्तर छापण्याची आज्ञा होती. तिला मिळालेल्या यंत्रावर पायथनची जुनी आवृत्ती होती, आणि तिची रीत अशी की, कंस उघडा आहे तोवर वाक्य संपलेले नाही असे समजून ती पुढची ओळही त्याच वाक्यात वाचते, आणि तेथे अर्थ लागेनासा झाला म्हणजे त्या पुढच्या ओळीवर बोट ठेवते. मुलगी छापण्याच्या आज्ञेकडे पाहत बसली. तिने ती खोडली, पुन्हा लिहिली, तिच्यातील अक्षरे मोठ्याने वाचून पाहिली. ती ओळ निर्दोष होती. दोष तिच्या वरच्या ओळीत होता, आणि तिकडे पाहावयास यंत्राने सांगितले नव्हते. दोन दिवस असे गेले, तेव्हा ती आमच्याकडे आली.

आम्ही एक दृष्टिक्षेप टाकला, हसलो, आणि ओळीच्या शेवटी कंस मिटवून दिला. प्रोग्राम चालला. पडद्यावर तीस हा आकडा उमटला. मुलीच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो पाहून आपण एक सत्कृत्य केले असे आम्हांस मनापासून वाटले. मुलीने आकडा मोठ्याने वाचला; आणि मागावर बसलेल्या तिच्या वडिलांनी हातातला धोटा न थांबविता विचारले, “सर, अठरा आणि चोवीसच्या मध्ये तीस कुठून आले?”

कंस ओळीच्या शेवटी मिटवावयाचा नव्हताच. दोन संख्यांची बेरीज संपते तेथे मिटवावयाचा, आणि मग दोहोंनी भागावयाचे, म्हणजे एकवीस आले असते. आम्ही जेथे मिटविला तेथे यंत्राने नियमाप्रमाणे आधी चोवीसाचा भागाकार केला, बारा आले, त्यांत अठरा मिळविले, आणि तीस हे उत्तर अदबीने पुढे ठेवले. व्याकरणाची चूक आम्ही दुरुस्त केली होती. आणि तिच्या जागी अर्थाची चूक बसविली होती. पहिली चूक ओरडत होती, दुसरी गप्प होती. संगणक काय असतो हे ज्यास ठाऊक नाही अशा मनुष्याने ती पकडली, कारण पैठणीस किती दिवस लागतात हे त्यास ठाऊक होते.

त्या सायंकाळी आम्ही ओशाळून घरी आलो खरे, पण शिकलो काहीच नाही, हे पुढे दिसेल. तूर्त या चुकीच्या स्वरूपाविषयी थोडे बोलू.

प्रथम जो आक्षेप मनात येतो तो असा की, ही यंत्राची क्रूरता होय. मनुष्य मनुष्याचे लेखन वाचतो तेव्हा असा हटून बसत नाही. आपल्या पूर्वजांचा सारा कारभार मोडी लिपीत चाले. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्दाशब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्ह नाही. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांस एकोणिसाव्या शतकात मिळावयाचे होते. तरी पत्रे पोहोचत, वसूल जमा होई, मोहिमा निघत. वाचणारा लिहिणाऱ्याचा आशय जाणून उणे असेल ते आपल्या पदरचे घाली. या सद्भावावरच मनुष्यांची भाषा उभी आहे. त्याच्याशी ताडून पाहता ज्याला एक अपूर्णविराम सुटलेला चालत नाही असे यंत्र म्हणजे जुन्या शाळेतील छडीवाल्या मास्तरांचा अवतारच वाटू लागते.

परंतु हे पुरतेपणी खरे नाही. मनुष्याचा सद्भाव सर्वांच्या वाट्यास सारखा येतो काय? मराठीत चुकीच्या लेखनास आपण ‘अशुद्ध’ म्हणतो. हा शब्द व्याकरणातला नव्हे. तो सोवळ्याओवळ्याच्या व्यवहारातून आलेला आहे. ज्या घरात दोन पिढ्या ग्रंथ आहेत त्या घरच्या मुलाने ‘पाणी’ चुकीचे लिहिले तर ते दुर्लक्ष ठरते. ज्याच्या घरात पहिले पुस्तक त्यानेच आणले आहे त्याने लिहिले तर त्याच्या कुळाचा उद्धार होतो. हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना आम्ही नवे काही सांगत नाही. ज्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, त्या गावी बसून ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शब्द निष्काळजीपणाने वापरणे आम्हांस तरी जड जाते. यंत्रास हे शब्द येत नाहीत. ते लिहिणाऱ्याचे आडनाव विचारीत नाही, बोलीस हसत नाही, मागील चुका काढीत नाही. विसाव्या वेळी तेच उत्तर त्याच स्वरात देते. विद्वान आणि नवशिका दोघांसही ते सारखेच अडविते, आणि कंस जागच्या जागी मिटला की दोघांनाही सारखीच वाट मोकळी करते. अशा निर्विकारतेत दया नाही हे कबूल; परंतु तिच्यात अपमानही नाही, आणि ज्याने अपमान पुष्कळ पाहिला आहे त्यास हा फरक लहान वाटत नाही.

व्याकरणाचे नियम हे काही सृष्टिनियम नव्हेत, हेही येथे ध्यानात घ्यावे. आमच्या वडिलांच्या पिढीस ‘नाहीं’ आणि ‘कांहीं’ यांवरील टिंब न दिल्याबद्दल गुण गमवावे लागत. १९६२ साली साहित्य महामंडळाचे नियम शासनाने मान्य केले, तेव्हापासून तेच टिंब देणे ही चूक ठरली. टिंब बदलले नाही, अर्थ बदलला नाही, संकेत बदलला. लहान चूक म्हणजे संकेताचा भंग. त्यात पाप नाही. हे जर मुलांस आरंभीच कोणी समजावून सांगितले तर कितीतरी अश्रू वाचतील, असे आम्हांस वाटते.

मग यंत्रानेच मोडीच्या वाचकाप्रमाणे सद्भाव का दाखवू नये? उणा कंस आपल्या पदरचा का घालू नये? हा प्रश्न नवा नाही. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी पीएल/सी नावाचा एक भाषांतरक तयार केला होता. त्याची प्रतिज्ञाच अशी होती की, विद्यार्थ्याने काहीही लिहिले तरी त्यातील व्याकरणदोष आपण दुरुस्त करू आणि प्रोग्राम चालवून दाखवू. त्या काळी प्रोग्राम छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर लिहून यंत्रघरात द्यावयाचा आणि उत्तराची वाट पाहत बसावयाचे, अशी रीत होती. एका स्वल्पविरामासाठी इतका काळ फुकट जाणे हा अन्याय होता, आणि त्या अन्यायावर तो तोडगा होता. त्याच्याही आधीच्या दशकाच्या अखेरीस वॉरेन टाइटेलमन यांनी ‘माझ्या मनात असेल ते कर’ अशा अर्थाच्या नावाची एक व्यवस्था रचली होती. ती लिहिणाऱ्याच्या मनातले ओळखून शब्द दुरुस्त करी. तिच्या टीकाकारांचे म्हणणे असे की, ती लिहिणाऱ्याच्या मनातले नव्हे, तर टाइटेलमन यांच्या मनातले ओळखते. विनोद सोडला तरी त्यात तथ्य आहे. उणे भरून काढणारा नेहमी आपल्या मनातले भरतो. आम्ही तरी त्या ओसरीवर दुसरे काय केले होते?

फोरट्रॅन या १९५७ सालच्या भाषेचे उदाहरण याहून बोधक आहे. त्या भाषेत मधल्या मोकळ्या जागेस अर्थ नव्हता. अमुक काम एकपासून दहापर्यंत दहा वेळा कर, अशी आज्ञा लिहिताना एक आणि दहा यांमध्ये स्वल्पविराम द्यावा लागे. तेथे चुकून टिंब पडले तर भाषांतरक तक्रार करीत नसे. ती सारी अक्षरे एकत्र जोडून तो त्यांना एका राशीचे नाव समजे, आणि त्या राशीची किंमत एक पूर्णांक दहा शतांश अशी मांडून पुढे जाई. दहा वेळा व्हावयाचे काम एकदाच होई, आणि कोणास पत्ता लागत नसे. अमेरिकेच्या मर्क्युरी अंतराळ-योजनेच्या एका प्रोग्राममध्ये अशी चूक निघाली व ती वेळीच सुधारली, असे सांगतात. स्वल्पविराम आणि टिंब यांत फरक शेपटीएवढा. परंतु भाषा इतकी सहनशील की तिने दोन्ही मानून घेतले.

आपल्याकडील आख्यायिका तर सर्वांस पाठ आहे. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी वध झाला. ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला, असे लोक अडीचशे वर्षे सांगत आले आहेत. ते खरे होते की नाही हा इतिहाससंशोधकांचा विषय. आमचा मुद्दा निराळा आहे. ‘मारावे’ हा शब्द व्याकरणाने निर्दोष आहे. जगातला कोणताही कडक वैयाकरण किंवा कडक यंत्र त्या कागदास अडविता ना. जी लहान चूक व्याकरण मोडते ती वाटेतच पकडली जाते; जी व्याकरण पाळते ती शेवटपर्यंत पोहोचते. याचा अर्थ असा की, नवशिका ज्या चुकीस सर्वांत अधिक भितो तीच सर्वांत निरुपद्रवी होय; आणि यंत्राने तीस पाहून थांबणे हे शासन नसून एक प्रकारचे सौजन्य होय. तुमच्या मनात काय आहे ते मला निश्चित कळले नाही, तेव्हा मी अंदाजाने पुढे जात नाही, असे ते म्हणते. आपल्या गावगाड्यात किती अधिकारी असे म्हणतात?

विणकरास हे सांगण्याची गरज पडली नाही. येवल्यात पुष्कळ मागांवर काठाच्या नक्षीसाठी जॅकार्ड लावतात. जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच कारागिराने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली ही योजना आहे. पुठ्ठ्यांची माळ, प्रत्येक पुठ्ठ्यावर छिद्रे. जेथे छिद्र असेल तेथला ताण्याचा धागा उचलला जातो, जेथे नसेल तेथला खालीच राहतो, आणि मधून धोटा जातो. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी पुठ्ठ्यांची हीच कल्पना घेतली, आणि जॅकार्डचे रेशमात विणलेले एक चित्र, जे विणण्यास सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते, ते त्यांच्या संग्रही होते. म्हणजे संगणकाच्या वंशावळीत माग हा पणजोबांच्या जागी आहे. परंतु पणजोबांत आणि पणतवात एक भेद राहिला. पुठ्ठ्यावर एक छिद्र चुकले तर माग थांबत नाही. तो चूक विणतो. आणि माळ फिरून पुन्हा तेथे आली की पुन्हा विणतो. थांबावयाचे ते विणकराने. पदर तर हातानेच विणतात. ताण्याचे धागे मोजून लहान लहान कांड्यांनी एकेक रंग भरावयाचा. मोराच्या मानेत दोन धाग्यांची मोजणी चुकली आणि ती बोटभर पुढे गेल्यावर दिसली, तर तितके सगळे उसवावे लागते, आणि उसवताना जर खराब होण्याची धास्ती असते. “मशीन आधीच सांगतंय ना कुठं चुकलं ते,” असे ते गृहस्थ एकदा आम्हांस म्हणाले, “आमचा माग सांगत असता तर मी त्याला रोज नमस्कार केला असता.”

आता आमच्या दोषाकडे वळतो.

तीस आणि एकवीस यांचा प्रसंग घडूनही आम्ही आपली रीत सोडली नाही. मुलगी वडिलांच्या फोनवरून पडद्याचे छायाचित्र पाठवी. आम्ही घरबसल्या चूक शोधून दुरुस्त ओळ परत पाठवीत असू. एकदा अवतरणचिन्ह एका बाजूचे राहिलेले. एकदा देवनागरी अंक सरळ आज्ञेत लिहिलेले. आणि ही गोष्ट मोठी मौजेची आहे, कारण पायथन ‘मजुरी’ असे मराठी नाव राशीस द्यावयास हरकत घेत नाही, विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरादाखल कोणी देवनागरीत आकडा टंकला तर तोही संख्या म्हणून स्वीकारते, परंतु प्रोग्रामच्या मजकुरात तोच आकडा आला की अक्षरच अवैध म्हणून नाकारते. एकदा ओळीच्या आरंभीची जागा कमी पडलेली. असे वर्षभर चालले. आम्हांस शोधण्यास क्षणभर लागे, तिला उत्तर लगेच मिळे. कोणाचे काय बिघडत होते?

मग प्रात्यक्षिक परीक्षा आली. फोन बाहेर ठेवावयाचा होता. ‘जर’ या अर्थाच्या आज्ञेपुढील अपूर्णविराम सुटला, यंत्राने तसे कळविले, आणि त्या मुलीस ते वाचता आले नाही. इंग्रजी अक्षरे वाचता आली. पण ते वाक्य आपल्याला उद्देशून आहे, त्यात एक पत्ता दिलेला आहे, आणि त्या पत्त्यावर स्वतः जाऊन पाहावयाचे असते, ही गोष्ट तिला ठाऊकच नव्हती, कारण वर्षभर तो निरोप तिच्या वतीने आम्ही वाचीत होतो. उरलेला वेळ ती बसून राहिली. तिची रीती बरोबर होती, गणित बरोबर होते. पेपर कोरा गेल्यासारखाच झाला. घरी येऊन तिने सांगितले की, हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे, आणि पुढच्या सत्रास जाण्याचे ती नाकारू लागली. तीन आठवडे ती मागाजवळ बसून कांड्या भरीत होती. एका टिंबाखाली एक टिंब, एवढ्यावर एका मुलीचे शिक्षण थांबू पाहत होते. आणि ती दोन टिंबे वर्षभर आम्ही तिच्यापुढून उचलून घेत आलो होतो.

तिच्या वडिलांनी आम्हांस दोष दिला नाही. त्यांनी एवढेच विचारले, “सर, नवीन पोरगा मागावर बसवला आणि त्याचा धागा तुटला, तर मी काय करतो माहीत आहे?” आम्ही म्हटले, जोडून देत असाल. “नाही. जोडून दिला तर त्याला गाठ दिसतच नाही. मी तुटल्या जागेवर बोट ठेवतो. गाठ त्यानं मारायची.”

या उत्तराने प्रश्न सुटतो असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मुलांनी आपले आपण धडपडावे, त्यातच खरे शिक्षण आहे, असे म्हणणारी एक शिक्षकमंडळी आहे, आणि तिच्याविषयी आमच्या मनात फारसा आदर नाही. ज्याच्या घरी स्वतःचे यंत्र आहे, ज्यास रात्री बारापर्यंत बसण्याची मोकळीक आहे, ज्याची आई इंग्रजी वाचते, त्यास धडपड परवडते. ज्या मुलीच्या वाट्यास आठवड्यातून यंत्राचे मोजके तास येतात तिला एका हरवलेल्या कंसापायी दोन दिवस झुरत ठेवणे यास तपश्चर्या म्हणावे की उधळपट्टी? त्या दोन दिवसांत ती काय शिकली? छापण्याच्या आज्ञेत काही दोष नव्हता, एवढेच. विषयाची म्हणून जी कठिणता असते ती विद्यार्थ्याने सोसावी हे योग्य; परंतु निरोपाच्या अंधुकपणामुळे उत्पन्न झालेली कठिणता ही विद्या नव्हे, ती केवळ अडचण होय. पायथनच्या कर्त्यांना हे पटले असावे. २०२१ सालच्या आवृत्तीपासून ती भाषा पुढच्या ओळीस दोष न देता, हा कंस उघडला होता तो मिटलाच नाही, असे स्पष्ट सांगते, आणि उघडलेल्या कंसाखाली खूण करते. अपूर्णविराम सुटला असेल तर तो येथे अपेक्षित होता असेही सांगते. मात्र ती तो स्वतः घालीत नाही. येवल्याच्या विणकराने आणि दूरदेशीच्या त्या मंडळींनी एकमेकांस न विचारता बोट ठेवण्याचीच रीत पत्करली, याचे आम्हांस नवल वाटते.

अलीकडे तर कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्यक कोणाच्याही फोनवर येऊन बसले आहेत. त्यांच्यापुढे चुकलेला प्रोग्राम ठेवला की क्षणार्धात दुरुस्त होऊन येतो, आणि पुष्कळदा अठरा-चोवीसच्या सरासरीसारखी अर्थाची चूकही ते दाखवितात. त्या बाबतीत ते आमच्याहून सरस आहेत हे कबूल केले पाहिजे. त्यांस विचारू नये असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? ज्यांस ही विद्या येते ते आपला वेळ वाचविण्याकरिता त्यांचा उपयोग करतात, आणि त्यात काही गैर नाही. पण ज्यास विद्या यावयाची आहे त्याची गोष्ट निराळी. त्याची चूक ही त्याची मिळकत आहे. ती त्याने पाहण्याच्या आत उचलून नेणारा, मग तो यंत्र असो की शेजारचा सुशिक्षित गृहस्थ, काहीतरी देत आहे असे भासते, आणि तो काहीतरी नेत असतो. आम्हांस सर्वांत अधिक बोचते ते हे की, दुरुस्त ओळ पाठविताना जो आनंद होई तो मुलीच्या प्रगतीचा नव्हता. आपणांस लगेच दिसले, याचा होता.

मुलगी पुढील सत्रास गेली. तिला तयार करण्यात आमचा भाग थोडा, तिच्या आईचा अधिक. त्या माउलीने एवढेच म्हटले की, कांड्या भरावयास मी आहे. आम्ही एक लहान वही केली. नवशिक्यास वारंवार भेटणारे यंत्राचे निरोप मोजले तर आठ-दहाच भरतात; ते देवनागरीत उतरून काढले, प्रत्येकाखाली त्याचा मराठी अर्थ लिहिला, आणि पहिल्या पानावर असे लिहिले की, ओळीचा आकडा आधी पाहावा, त्या ओळीत काही न सापडल्यास तिच्या वरची ओळ पाहावी. उत्तरे पाठविणे बंद केले. छायाचित्र आले की आम्ही एवढेच विचारतो, “निरोप काय आहे? वाचून दाखव.” प्रथम प्रथम ती चिडली. “काका, तुम्हांला दिसतंय ना?” असे म्हणाली. दिसत होते, गप्प बसणे फार जड गेले.

गेल्या आठवड्यात आम्ही त्यांच्या ओसरीवर होतो. तिने सुताचा हिशेब मांडणारा बराच लांब प्रोग्राम लिहिला होता, आणि यंत्राने तो अडविला होता. तिने निरोप वाचला, वही काढली, पान उलटले, पुन्हा पडद्याकडे पाहिले. चूक आम्हांस दिसली होती. आम्ही दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसलो. मागाचा आवाज चालू होता. ती एकेक ओळ बोटाने चाचपत वर वर जात होती. बरोबर ओळीवरून बोट एकदा पुढे गेले, दुसऱ्यांदाही गेले. सात वाजले तशी मनमाडकडची शेवटची सोयीची गाडी चुकेल म्हणून आम्हांस उठावे लागले. तिने मान वर केली नाही. दारात चपला घालताना तिच्या वडिलांनी आमच्याकडे पाहिले आणि त्यांनीही काही सांगितले नाही.